परत आलेली टोपी

७ एप्रिल २००३

आज सकाळी आंघोळ झाल्यावर बिरोबाला पाणी घातलं, घरी आलो आणि काल आलेली टोपी होती तशी कागदात गुंडाळून लोखंडी पेटीच्या तळाला टाकली. वरून चिमूटभर भंडारा टाकला. मग चहा घेतला. बायको अनसा चुलीपुढून बघत होती.

टोपी गावातल्या गेणबानं आणली. तो दौंडच्या बाजाराला बोकड घेऊन गेला होता. "घे, तुझ्या व्याह्यानं दिलंय," म्हणाला, आणि बोकडाला कसं गिऱ्हाईक मिळालं तेच सांगत बसला. तो गेल्यावर मी कागद सोडला. आत घडी घातलेली पांढरी टोपी. आणि वेगळं एक पांढरं फडकं — वीतभर रुंद, दीड वीत लांब. बास. ना नारळ, ना टोपीच्या टोकाला कुंकवाचं बोट.

पांढरी टोपी आणि पांढरं कापड आपल्यात कधी देतात? घरातलं माणूस गेलं, दहाव्याला मुलानं डोकं भादरलं, की सोयरे त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतात आणि खांद्यावर कापड टाकतात. माझ्या घरात कोण गेलंय? देवाच्या कृपेनं कोणी नाही!

मग मच्छिंद्र व्याह्यांना म्हणायचं तरी काय आहे?

८ एप्रिल

रांजणगावला कंपनीच्या हिरवळीला पाणी मारताना दिवसभर तेच डोक्यात. घरी आलो आणि पेटी उघडली. कागद जरा सोडून टोपीची घडी पुढच्या टोकाशी बोटभर फाकवली. आत शिरूरच्या दुकानाचा जांभळा शिक्का, खाली नंबर.

ही टोपी माझीच आहे! गेल्या उन्हाळ्यात हर्षदाच्या लग्नात मीच दिलेली. मानपानाच्या टोप्यांचा गठ्ठा आणला तो सगळा एकाच, माझ्याच नंबरचा निघाला. बाकी पाहुण्यांचं भागलं. मच्छिंद्र व्याह्यांचं डोकं मोठं. मी टोपी घातली तर ती आत जाईना, नुसती वर ठेवल्यासारखी. त्यांच्याकडची कोणीतरी बाई बोललीच — "पाव्हण्यांनी पोराची टोपी आणली काय गं!" मांडवभर हशा. व्याही हसले नाहीत. टोपी काढली, नीट घडी घातली, खिशात ठेवली.

तेव्हा वाटलं, माणूस शांत आहे. आज कळलं, माणूस वर्षभर घडी घालून ठेवतो.

११ एप्रिल

अनसाला शिक्क्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आवं, उन्हाळ्याचं दिलं आसंल. त्यान्ला आली न्हाई, तुमाला येईल."

"मग कापड कशाला?"

"पुसायला."

"काय पुसायला?"

"तुमचं डोकं!" म्हणाली आणि धुणं घेऊन गेली.

बायकांना सोयऱ्यांचं राजकारण कळत नाही. कुंकू लावल्याशिवाय टोपी देणारा माणूस काहीतरी ठरवूनच देतो.

आकितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हर्षदाला बाळंतपणाला आणायचं ठरलं आहे. पहिलं बाळंतपण. सातवा सरत आलाय. पण या टोपीचा उलगडा झाल्याशिवाय त्यांच्या उंबऱ्यावर पाय कसा ठेवायचा? आणि विचारायचं तरी कसं?

१४ एप्रिल

शेजारच्या कस्तुराबाईंकडं हर्षदाचा फोन आला. मी पळत गेलो.

"आप्पा, टोपी मिळाली का?"

म्हणालो, मिळाली.

मागून पुरुषाचा आवाज, हळू, पण मला ऐकू आला — "इचार, बसली का." आवाज मच्छिंद्र व्याह्यांचाच!

"बसली का नीट आप्पा?"

पोरीच्या तोंडून विचारून घेतायत. मी काय बोलतो ते शेजारी उभं राहून ऐकतायत. मी म्हणालो, "कामं हायेत मला. तब्येतीला जप."

"बरं," म्हणाली. फोन ठेवला.

लहानपणी शाळेतून आल्यावर दार बंद दिसलं की असंच "बरं" म्हणून ओट्यावर बसायची.

१५ एप्रिल

त्या "बरं"चाच विचार.

१९ एप्रिल

आज फडकं उजेडात धरलं. इतके दिवस नीट बघितलंच नव्हतं. एका लांब कडेला टिचबटणं शिवली आहेत. सहा. पण सगळी एकाच बाजूची, मधे टोक असलेली. ज्यात ती बसतात त्या खळग्या कुठंच नाहीत. पांढऱ्या कापडाला लोखंड कोण लावतं? आणि कशासाठी? टाके जाड, घोंगडीच्या कडेला मारतात तसले.

मनात नको ते आलं. हे कोणा भगताकडून आणलेलं तर नसेल? टोपी माझ्या डोक्याच्या मापाची, दिलेली माझ्याच हातची...

संध्याकाळी बिरोबापुढं उभा राहिलो तेव्हा स्वतःची लाज वाटली. ज्याच्या घरात लेक नांदते त्या माणसाबद्दल असा विचार! देवाला म्हणालो, माझं मन साफ कर. घरी आलो तरी फडकं हातात धरवेना. चिमट्यानं उचलून पेटीत टाकलं. टोपीला तर हातच लावला नाही. ती डोक्याला लावायची नाही हे ठरलेलं आहे.

अनसानं चिमटा बघितला, तेव्हा तिला भगताचा संशय सांगितला. "आता भाकरी कशानं भाजू?" म्हणाली. चिमटा राखेनं दोनदा घासला तिनं.

२३ एप्रिल

दुपारी गेटजवळच्या हिरवळीवर डोळ्यापुढं अंधारी आली. नळी हातातून सुटली. माझ्याबरोबर पाणी मारणारा बिहारचा पोऱ्या आहे, त्यानं सावलीत ओढलं. मान भाजून निघाली आहे, कातडी सुटली आहे. मागच्या वैशाखातही असंच झालं होतं, लग्नाच्या धावपळीत. तेव्हा मांडवाच्या दारातच बसकण मारली होती आणि व्याह्यांनी तांब्याभर पाणी मानेवर ओतलं होतं.

पोऱ्या म्हणतो, "चाचा, टोपी निकालो, गमछा बांधो." मी म्हणालो, टोपी निघणार नाही. बाप गेला, दहाव्याला टोपी आली, तेव्हापासून ती डोक्यावर आहे. गमछा टोपीवर बांधला तर वेड्यासारखं दिसतं, आणि देवळापुढून जाताना सोडायचा कुठं?

दवाखान्यात मीठ-साखरेचं पाणी दिलं. सुपरवायझर म्हणाले, दुपारचं काम जमत नसेल तर सांगा, माणसं पुष्कळ आहेत.

अनसानं मानेला खोबरेल लावलं. बोट लागलं तरी आग होते.

२६ एप्रिल

दौंडकडून निरोप. तळेगावच्या जीपवाल्याबरोबर — "आकितीला येताय ना? फोनवर तुमी काय बोलला न्हाई. येणं व्हत न्हसंल तर आमी हितंच बाळंतपण करतो, कायबी वाटून घेऊ नका."

वाटून घेऊ नका! आता डाव कळला. आधी टोपी पाठवून मला अडवायचं, मी नाही गेलो की चार लोकांत सांगायचं — बाप न्यायला आला नाही, आम्हीच केलं. पहिलं बाळंतपण आणि पोरीला माहेर नाही, असं माझ्या नावावर लागेल.

गेलो तर अपमान गिळून जायचं. नाही गेलो तर हे. बरोबर पेचात धरलं आहे.

२८ एप्रिल

अनसाशी भांडण. फार वर्षांनी.

"येका टोपीपायी पोरीचं म्हायेर बंद करता व्हय तुमी?"

"टोपी नाही, मान आहे."

"पोर तिकडं पोटावर हात ठिवून रस्त्याकडं बघत आसंल. तिला सांगा तुमचा मान. मी जाते यकली!"

"जा," म्हणालो.

बोलू नये ते बोललो. ती जेवली नाही. मीही.

२९ एप्रिल

ठरवलं. गेणबा उद्या परत दौंडच्या बाजाराला निघाला आहे. त्याच्याबरोबर टोपी आणि फडकं परत पाठवायचं. तोंडानं काही सांगायचं नाही. त्यांनी जसं मुक्यानं पाठवलं तसंच मुक्यानं परत. मग बघू काय म्हणतात.

३० एप्रिल

काय लिहू!

सकाळी गेणबा बोकडाला दोरी लावून दारात उभा. मी पेटीतून कागद काढला. इतक्या दिवसांत तो फाटला होता. भंडारा आत झिरपून टोपीच्या टोकाला पिवळं बोट उमटलेलं. मीच टाकलेला. कागदात काही राहीना, म्हणून टोपी पहिल्यांदा उघडली आणि फडकं आत कोंबलं. लहान पुडकं व्हावं म्हणून अंगठ्यानं दाबलं.

टच्!

फडकं ओढलं तर निघेना. टोपी उलटी केली. आतून, मागच्या पट्टीला, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेल्या खळग्या. एका ओळीत. आणि एक बटण त्यात जाऊन बसलेलं.

मी दुसरं दाबलं. टच्. तिसरं. सगळी बसली. टोपीला मागं कापड लोंबायला लागलं — कानाच्या मागून खांद्यापर्यंत. मान झाकायला!

गेणबा म्हणाला, "आरं, व्हय की! म्हनलं हुतं व्याही कायतरी उन्हाचं. 'देवळात जाताना काडता येतंय म्हनावं.' बोकडाच्या भावात इसरलो बग."

"गेणबा," म्हणालो, "तुझा बोकड मेला असता तर बरं झालं असतं!"

"आता ह्यात बोकडाचं काय चुकलं?"

अनसा दारात आली. माझ्या हातातली टोपी बघितली. घेतली, माझ्या डोक्यावर ठेवली, मागून कापड सरळ केलं. "भगताचं हाय न्हवं हे?" म्हणाली. मग पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की रडत होती, मी आत जाऊन बघितलं नाही.

सायंकाळी —

हर्षदा लग्नाआधी शिवणाच्या क्लासला जात होती. माझं मन तिलाच ठाऊक. टोपी काढणार नाही, देवापुढं फडकं लोंबतं ठेवणार नाही, हे तिच्याशिवाय कोणाला सुचणार? माझ्या नंबरची टोपी त्या घरात एकच होती, ती सासऱ्याकडून मागून घेतली असेल. व्याह्यांनी दिली, एवढं तरी मोठं मन दाखवलं म्हणायचं. टाके मात्र ओबडधोबड आहेत. पोरीचा हात इतका जड कधी झाला? अवघडली आहे, बसवत नसेल.

फोनवर विचारत होती, बसली का. आणि मी — कामं हायेत!

२ मे

टोपीला मागं पडदा लावून कामावर गेलो. गेटवरचा वॉचमन उठून सलाम ठोकतो — "या फौजी!" पोऱ्या म्हणतो, "चाचा ने परदा लगा लिया, अब चाची को क्या बोलोगे?" हसू द्या. दुपारी दोन वाजताही मान गार. अंधारी नाही. सुपरवायझरनी मागून-पुढून बघितलं आणि पुढं गेले.

परत येताना बिरोबाच्या पायरीवर पडदा काढला. टच् टच् टच्. खिशात. आत गेलो तो नुसत्या टोपीनं. देवाला हात जोडले पण काय मागावं सुचेना. तसाच उभा राहिलो.

३ मे

शिरूरला जाऊन आलो. दुकानदाराला म्हणालो, सगळ्यात मोठा नंबर दाखव. त्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं. म्हणालो, मला नाही. माझ्या व्याह्यांना.

जीप ठरवली. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दौंड. अनसानं कुंकवाची पुडी टोपीबरोबर पिशवीत टाकली. आठवण करून द्यावी लागली नाही.

तिकडं जाऊन काय बोलायचं ते मात्र ठरत नाही. त्यांनी काही केलं नाही, मनातल्या मनात मीच सगळं केलं. त्याची माफी कशी मागतात?

४ मे, आकिती

हर्षदा घरी आली. आत आईजवळ टेकली आहे.

पडदा लावूनच गेलो होतो. मच्छिंद्र व्याही दारात. राम राम घालायच्या आधी त्यांनी मला खांद्याला धरून पाठमोरं वळवलं आणि एकेक बटण चाचपून बघितलं.

"ह्ये तिसरं सैल ऱ्हायलं, पाव्हणं. चष्मा न्हवता तवा."

हर्षदा दाराआडून हसली. "मामांनीच शिवलंय आप्पा, घोंगडीच्या दाभणानं. मला सुईला हात लावू देत्यात व्हय ते?"

पिशवीतली टोपी काढली, टोकाला कुंकू लावलं, दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावर ठेवली.

बसली.