शनिवारच्या शुभेच्छा

मू इ राना,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२०

प्रिय बोर्गहिल्ड,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवलं नसशील, असं धरून लिहिते. कशी आहेस? बर्गेनचा पाऊस आणि तुझे सांधे यांचं जमतंय का? मी ठीक आहे. इकडे सूर्य परत डोंगरावरून डोकवायला लागलाय. दुपारी अर्धा तास माझ्या खिडकीत येतो आणि पाहुण्यासारखा लगेच निघतो. मागच्या रविवारी हेम्नेसला जाऊन आईच्या थडग्यावरचा बर्फ काढून आले. मे महिन्यात मी निवृत्त होतेय. लोक विचारतात, मग करणार काय? मी म्हणते, झोपणार.

झोप हल्ली लागत नाही, पण ते असू दे.

सख्खी बहीण असूनही माझं काम काय असतं, ते तुला मी कधी सांगितलंच नाही. पोलादाचा कारखाना बसला आणि सरकारने राष्ट्रीय ग्रंथालयाचा अर्धा संसार उचलून आपल्या गावात आणला, तेव्हा सगळे किती हसले होते! ‘भट्टीवरची माणसं आता पुस्तकांवरची धूळ झटकणार!’ झटकली की. या देशात जे छापलं जातं आणि रेडिओवर बोललं जातं, ते कायद्याने आमच्याकडे येतं. चर्चची पत्रकं, बसची वेळापत्रकं, सर्कशीच्या जाहिरातीसुद्धा. डोंगर पोखरून केलेल्या गोदामात ते सगळं थंडीत ठेवलेलं असतं. आपण चालू लागलो की पुढचा दिवा लागतो आणि मागचा विझतो. इतकी वर्षं झाली, तरी मान वळवून मागे बघायची माझी खोड गेलेली नाही.

आणि मागेल त्याला आम्ही शोधून देतो. कुणाला आजोबांच्या बोटीचा फोटो हवा असतो, कुणाला शाळा जळाल्याची बातमी. माणसं फार थोडं मागतात, बोर्गहिल्ड.

तूही थोडंच मागितलंस. तुझा अर्ज २१ जानेवारीला आला. तो माझ्याच टेबलावर येईल हे तुला ठाऊक नसणार, नाहीतर तू अर्ज केलाच नसतास. ‘गावातल्या बंद पडलेल्या रेडिओ केंद्राच्या फिती आपल्याकडे आल्याचं वाचलं. ९ मार्च १९९१, शनिवार सकाळचा शुभेच्छांचा कार्यक्रम. माझ्या पतीने त्या दिवशी माझ्या नावाने शुभेच्छा दिल्या होत्या का, एवढंच कळवावं.’ खाली तुझी सही. ते लांब शेपटीचं ‘ग’ अजून तसंच आहे.

उत्तराला चार आठवड्यांची मुदत असते. ती उद्या संपते.

नाही, त्याने शुभेच्छा दिल्या नाहीत. रेडिओवर तुझं नाव एकदाही घेतलं गेलं नाही. इथेच थांबले असते तर खोटं ठरलं नसतं. ही ओळ मी तीनदा टाइप केली आणि तीनदा खोडली.

त्या दिवसाच्या फितीच्या खोक्यात काय असेल ते मला आधीपासून माहीत होतं. पाठीवर माझ्याच हाताने लिहिलेल्या तारखा होत्या. शनिवारी मीच तर तो कार्यक्रम सादर करायचे त्या केंद्रावर, फुकटात, हौसेने. खोकं मी सगळ्यात खालच्या फळीवर ढकललं होतं. तुझा अर्ज आल्यावर काढलं आणि हेडफोन लावून फीत ऐकली. केंद्रावरच्या त्या जुन्या यंत्रावर टेबलावरचं सगळंच ध्वनिमुद्रित व्हायचं, गाणं चालू असताना फोनवर झालेलं बोलणंही. हे मी साफ विसरले होते.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी तुझ्या नवऱ्याचा, हालवरचा, फोन आला होता.

तू त्याच्याशी भांडून गुरुवारी आईकडे निघून गेली होतीस. आईच्या फोनचा रिसीव्हर तू काढून ठेवला होतास, पण तिच्या स्वयंपाकघरातला रेडिओ शनिवारी चालू असतो हे त्याला ठाऊक होतं. फितीवर आहे तसंच उतरवून देते.

“सोल्फ्रिड, मी बोलतोय. दोन ओळी वाच ना रेडिओवर. बोर्गहिल्डसाठी.”

“हा शुभेच्छांचा कार्यक्रम आहे, हालवर. तुमची भांडणं मिटवायचा नाही.”

“शुभेच्छाच आहेत गं. मला नोकरी लागली. कालच पत्र आलं. डोंगरातल्या त्या ग्रंथालयात, छायाचित्रणाच्या खोलीत. तिला म्हणावं, दुपारच्या बसने ये.”

“प्यायलायस का?”

यावर तो हसतो. अगदी मोकळं हसतो. “दोन दिवस थेंब नाही. तिची शपथ. बरं, माझं नाव नको घेऊस. नुसतं म्हण, हेम्नेसला कुणीतरी आहे, तिची दीडच्या बसला कुणीतरी वाट बघतंय. नाहीच आली तर बोट काढतो आणि रात्रीच्या जेवणाला मासे घेऊन येतो. मग उद्या मीच जातो तिच्याकडे, कॉड घेऊन. सासूबाई दार तरी उघडतील.”

“बरं बरं. बघते.”

मग मी फोन ठेवल्याचा आवाज. मग गाणं संपतं आणि मी अगदी गोड आवाजात कुणाला तरी पन्नासाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देते.

बघितलं काहीच नाही मी. का? मला तो आवडत नव्हता, एवढं तुलाही माहीत होतं. त्याच्या पायी गावात आपल्या घराचं नाव निघतं, याची मला लाज वाटायची. तू दोन-तीन दिवस आईकडे राहिलीस तर त्याला अद्दल घडेल, असं वाटलं. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी तो फ्योर्डच्या पाण्यात सापडला, तेव्हा सगळ्या गावाने ठरवून टाकलं की बायको सोडून गेली म्हणून त्याने जीव दिला. तुझ्यामागे दुकानात लोक काय बोलायचे ते मी ऐकलं आहे. त्याची बहीण योरुन चर्चच्या पायरीवर तुला म्हणाली, “आता झालं ना तुझ्या मनासारखं?” तेव्हा मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते, बोर्गहिल्ड. तो जीव द्यायला गेला नव्हता, मासे आणायला गेला होता, हे त्या गर्दीत एकट्या मला माहीत होतं. मी हातमोजे नीट करत राहिले.

तुला वाटत आलं असेल की मीही तुलाच दोषी धरते, म्हणून बोलत नाही. मी ते तुला वाटू दिलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छायाचित्रणाच्या खोलीतली एक जागा रिकामी असल्याची जाहिरात आली. मी अर्ज केला. ती कुणाची जागा होती हे मी कुणाला विचारलं नाही. पहिली चार वर्षं मी त्या खुर्चीवर बसून जुनी वर्तमानपत्रं फिल्मवर घेत होते. शेजारी कुणी नसताना मागे कुणीतरी हसल्यासारखं व्हायचं. यंत्राचा आवाज असेल, असं म्हणून मी काम चालू ठेवायचे.

तुझा अर्ज आल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. गोदामात जाऊन १९९१चं बसचं वेळापत्रक काढलं. वाटलं, शनिवारी दुपारची बस नसलीच तर? हिवाळ्यात बंद असली तर? बस होती. हेम्नेसहून बारा पस्तीसला निघून दीडला इथे पोचणारी. तुझ्या हातात जवळजवळ दोन तास होते.

त्यानंतरही मी नोंदीत लिहिलं, ‘दूरध्वनीवर एक पुरुष आणि एक स्त्री, ओळख पटलेली नाही.’ नोंदी तपासायला आमुन असतो, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्याने हेडफोन लावून ऐकलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

“सोल्फ्रिड, हा तर तुझा आवाज आहे.”

“जुनी फीत आहे. बायकांचे आवाज सारखेच येतात.”

“अगं, तू ‘बरं बरं, बघते’ म्हणतेस ना, तसं अख्ख्या देशात कुणी म्हणत नाही. मला रोज म्हणतेस.” मग तो हळूच म्हणाला, “हा कोण होता?”

मी त्याला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, आणि तेही तुझ्याआधी एका परक्याला, याबद्दल रागाव. तो उठला, दोन कप कॉफी घेऊन आला आणि म्हणाला, “नोंद तू दुरुस्त करणार आहेस, की मी करू?”

मीच केली. दोघांची नावं लिहिली, माझं आधी.

परवा, शनिवारी, योरुनकडे गेले. ती आता ऐंशीची आहे. तुझ्याआधी तिला ऐकवायचा मला हक्क नव्हता, म्हणून फीत नेली नाही, फक्त तोंडाने सांगितलं. टेबलावर तिचे मोठ्या कष्टाने भाजलेले वेलदोड्याचे पाव होते. सगळं ऐकून तिने ते झाकून ठेवले. “तिला मी चर्चच्या दारात बोलले,” एवढंच तीन-चार वेळा म्हणाली. मग म्हणाली, “तू आता जा. आणि माझ्या दारात परत येऊ नकोस.” मी निघाले, तर पायरीवरून तिने हाक मारली. तुझा पत्ता मागितला. मी दिला. तिचं पत्र आलं तर वाच. माझ्यासाठी म्हणत नाही.

सोबतच्या पाकिटात ध्वनिमुद्रण आहे, अकरा मिनिटांचं, कुठेही न कापलेलं. तू एकटी असताना ऐक, किंवा एकटी नसताना, तुला सोसेल तसं. त्याच्या आवाजात काहीही काळं नाही. मी गेल्या चार आठवड्यांत रोज ऐकलंय, शोधून शोधून ऐकलंय. तो खूश होता, बोर्गहिल्ड. तू घरी येशील याची त्याला खात्री होती.

माफी मागत नाही. मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर मी आणखी काही टाकू इच्छित नाही. फोन करावासा वाटला तर माझा नंबर तोच आहे. मी रिसीव्हर उचलेन. तू काहीही बोललीस, किंवा काहीच बोलली नाहीस, तरी आधी ठेवणार नाही.

तुझ्या अर्जाचं उत्तर मुदतीच्या एक दिवस आधी आणि एकोणतीस वर्षं उशिरा देणारी,

सोल्फ्रिड