तिसरं कडवं

प्रिय खारुताई,

हे पत्र तुझ्या त्या जाड सुती सदऱ्याच्या खिशात सापडलं की आधी दार लावून घे. एकाच घरात राहून हा म्हातारा पत्र कसलं लिहितोय, असं तुला वाटेल. पण माझे कान कामातून गेलेले. मी कुजबुजायला गेलो तरी शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जातं, आणि तुझी आई तर स्वयंपाकघरातून माझा श्वाससुद्धा ऐकते. म्हणून कागद.

मला तुझा संशय येतो. आज नाही, बरेच दिवस. सुरुवात कपड्यांपासून झाली. तू ते झुळझुळीत कपडे मावसबहिणीला देऊन टाकलेस आणि फक्त सुती वापरायला लागलीस. तुझी आई म्हणाली, पोरीला अक्कल आली. मी मात्र कान टवकारले, म्हणजे असते तर टवकारले असते. मग घरात शिरताना अंगणातल्या लोखंडी नळाला तुझा हात लागायला लागला. फोन खिशातून गेला. डबे तू फरशीवरून सरकवत होतीस, ते उचलून अलगद ठेवायला लागलीस. अगं, अंगात साठलेली वीज जमिनीत सोडल्याशिवाय फटाक्यांच्या दारूच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, काही घासायचं नाही, आपटायचं नाही, या सवयी मी जन्मभर हाडात मुरवल्या. त्या मला दुसऱ्याच्या अंगावर ओळखू येणार नाहीत?

खरं सांगायचं तर आधी वाटलं, पोरगी प्रेमात पडली. तुझ्या मैत्रिणीला रस्त्यात गाठून विचारलंसुद्धा. ती म्हणाली, आजोबा, हळू बोला ना, अख्खा रस्ता बघतोय. मग मी तुझी सॅक हुंगली. हो, हुंगली. तुझ्या आईनं नेमकं तेव्हाच पाहिलं आणि म्हणाली, बाबा, आता मात्र डॉक्टरला दाखवायला हवं हं तुम्हाला. सॅकेला गंधकाचा वास होता. मी तसाच उठलो आणि गच्ची, मोरी, जिन्याखालची अडगळ, सगळं हुंगून आलो. तिथे काही नव्हतं, म्हणून आज हे पत्र प्रेमानं लिहितोय. घरात रसायनांच्या दोन पुड्या एकत्र केलेल्या सापडल्या असत्या तर नात म्हणून गय केली नसती. रसायनशास्त्र कॉलेजात शिकायचं, प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या नजरेखाली. स्वयंपाकघरात शिकणाऱ्यांचे फोटो मी भिंतीवर पाहिलेत, हार घातलेले.

आणि मग परवाची दुपार. तू अंगणाच्या टोकाला रंगाच्या जुन्या डब्यांत वाळू भरून पाइपाचे रिकामे तुकडे उभे केले होतेस. आईला सांगितलंस, कुंड्या करतेय. लांब जाऊन तू त्यांच्याकडे बघत उभी राहिलीस आणि तुझे ओठ हलायला लागले. बहिऱ्याला ओठ वाचता येतात हे तू विसरलीस. ती नदीची कविता होती, आमच्या पाचवीच्या पुस्तकातली, तुझ्या पुस्तकात कधीच नसलेली. कवितेचं नाव काढलं की जांभई देणारी तू! क्षणभर मी वर्गातच जाऊन बसलो गं. खडूचा वास, खिडकीतलं तिरपं ऊन, आणि आम्ही सगळे डुलत डुलत नदीबरोबर डोंगर उतरतोय. पण दुसऱ्या कडव्यानंतर तुझे ओठ एकदम चौथ्यावर गेले. मी खुर्चीतून उठलोच.

कारण जगात एकच माणूस ही कविता अशी म्हणतो. आम्ही एका बाकावर बसायचो. गुरुजींनी तिसरं कडवं शिकवलं त्या आठवड्यात त्याला गोवर आला होता. तोंडी परीक्षेत तो तिथेच अडला, हातावर छडी खाल्ली, आणि त्या रागानं ते कडवं त्यानं कधी पाठ केलंच नाही. पुढे आम्ही दोघांनी मिळून शोभेच्या दारूकामाचा धंदा काढला. वात पेटवली आणि गोळा नळीतून वर गेलाच नाही, तर जवळ जायचं नसतं. विझल्यासारखी दिसणारी वात आत जिवंत असते. घड्याळ सगळ्यांकडे असायचं, पण घड्याळाकडे बघितलं की माणसाला घाई सुटते. म्हणून आम्ही लांब उभं राहून नदीची कविता सावकाश, पुन्हा पुन्हा म्हणायचो. ठरलेल्या आवर्तनांनंतर लांबूनच पाणी मारायचं, आणि मगच पुढे. प्रत्येक वेळी त्याची नदी माझ्याआधी समुद्राला मिळायची. एका कार्यक्रमात तो तसाच आधी पोचला आणि नळीवर वाकला. तेव्हापासून तो डाव्या हातानं लिहितो.

इस्पितळात शुद्धीवर येताच तो मला म्हणाला, वात तू आखूड कापली होतीस. मी म्हणालो, तू कडवं खाल्लंस. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

तर खारुताई, तू ज्याच्याकडे चोरून कामाला जातेस तो तुझा मालक हस्तांदोलनाला डावा हात पुढे करतो की नाही? मला त्याचाही संशय येतो. गावात एवढी पोरं असताना माझीच नात त्याला कशी सापडली? माझ्यावरचा राग तुझ्यावर काढणार आहे, की त्याला काही सांगायचंय आणि ते तोंडानं सांगवत नाही? रात्रंदिवस हेच डोक्यात घोळतंय. मी त्याच्याबद्दल तुला काही वाईट सांगणार नाही. त्याच्याइतकी रंगाची जाण मी कुणात पाहिली नाही. त्याच्या हातची हिरवी पाकळी बघून म्हाताऱ्या बायका रडायच्या. पण काम शिकायचं तर चोरून शिकू नकोस. परवान्याची परीक्षा दे. तोवर परवाना असलेल्या माणसाच्या हाताखाली वाळू वाहा, नळ्या वाळूत पूर, दुसऱ्या दिवशी मैदान झाडून न फुटलेलं काही राहिलंय का ते बघ. मैदानावर पोचलीस की सगळ्यात आधी पाण्याच्या बादल्या कुठे आहेत ते बघ. कानांत बोळे घाल, नाहीतर माझ्यासारखे ओठ वाचावे लागतील. वारा फिरला तर समोर मंत्री बसलेला असला तरी नाही म्हणायला शीक. त्याला फार वर्षं लागतात. आणि आईला तूच सांग. ती चिडेल, म्हणेल, या घरात एक बहिरा पुरे. चिडू दे.

उद्या नव्या पुलाच्या उद्घाटनाला आतषबाजी आहे. भिंतीवरच्या जाहिरातीत त्याच्या कंपनीचं नाव वाचलं, आणि तू मैत्रिणीकडे अभ्यासाला जातेस म्हणालीस तेव्हा तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी अडवणार नाही. आता सगळं बटणावर चालतं म्हणतात, पण बटण दाबूनही एखादा गोळा नळीत बसून राहतोच, आणि मग तिथे माणूसच उभा असतो. तेव्हा तो कविता म्हणायला लागेल. तू त्याच्या शेजारी उभी राहा, आणि दुसरं कडवं संपलं की त्याला चौथ्यावर जाऊ देऊ नकोस. खाली लिहिलंय ते म्हण, चांगलं खणखणीत, त्याला ऐकू जाईल असं. कुणी शिकवलं म्हणून त्यानं विचारलं, तर नाव सांग. एवढ्यासाठीच हे पत्र.

खडक आडवा येता थांबे, जळ होई ते खोल
घाई नसते तिला कधीही, मुके तिचे ते बोल
पाणी भरता काठोकाठी आपण उघडे वाट
तोवर नदिला हाक न द्यावी, बसुनि पहावा थाट

गच्चीवर बसून पुलाकडे बघत राहणारा,
तुझाच,
आजोबा