सहा नंबरची खोली

॥ श्री ॥
शनवारा, बऱ्हाणपूर
ता. १६ सप्टेंबर १९५६

ती. सौ. कमलताईस,
दिगंबरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. तापीच्या पुराची बातमी वाचून तू दोन दिवस जेवली नाहीस असं दाजींनी खाली दोन ओळींत लिहिलं आहे. ताई, तू जेव. घराला काही झालेलं नाही. पाणी राजघाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत आलं, दोन दिवस गावाकडे बघत बसलं आणि आल्या वाटेनं गेलं. लीला आणि छोटी मजेत आहेत.

पलीकडच्या तीरावर मात्र नुकसान झालं. जैनाबादच्या पुढे दोन मैलांवर माझी सावळखेडी, तिथल्या केळीच्या बागा आडव्या झाल्या आणि शाळेची भिंत बसली. भिंत म्हणजे अख्खी शाळाच. एकच तर खोली होती. आदल्या दिवशी मी सुटी दिली होती, म्हणून पोरं सगळी सुखरूप आहेत. हजेरीपट, नकाशे आणि पेटी मी वेळेवर बाहेर काढली. त्या गडबडीत पायाला जरा लागलं आहे. काळजीचं कारण नाही.

दाजींस नमस्कार. नवा प्रांत झाल्यावर त्यांच्या कचेरीचं भोपाळ की नागपूर, काय ठरलं ते कळव. आहे तो लोभ पुरानं वाहून न जावा, ही विनंती.

तुझा,
दिगंबर


शनवारा, बऱ्हाणपूर
ता. १७ सप्टेंबर

ती. सौ. वन्सं यांस,
लीलाचा सा. न. वि. वि.

यांचं कालचं पत्र मी पेटीत टाकलं, पण टाकण्याआधी वाचलं. त्यात एक वाक्य खोटं आहे, ते दुरुस्त करायला हे पत्र. यांच्या पायाला जरा लागलेलं नाही. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला आहे. नकाशाची शेवटची गुंडाळी आणायला हे पुन्हा आत गेले आणि भिंत अंगावर आली. सुपडू नावाचा एक बागाईतदार आहे, त्याची मालू यांच्याकडे तिसरीत शिकते. त्यानं आणि गावकऱ्यांनी यांना ओढून काढलं आणि नावेत घालून इकडे आणलं. प्लास्टर घातलं आहे. डॉक्टर म्हणाले, दोन महिने पाय खाली टेकवायचा नाही.

पायाचं यांना काही वाटत नाही, जीव लागलाय तो दुसऱ्याच गोष्टीला. ऑफिसचा कागद आला आहे. एक नोव्हेंबरला नवा प्रांत होणार, त्याआधी सगळ्या शाळांची नवी यादी व्हायची आहे. एकतीस ऑक्टोबरला तपासणी. त्या दिवशी जी शाळा भरलेली दिसणार नाही, ती जवळच्या शाळेत मिळवून टाकणार. सावळखेडीच्या चौतीस मुलांत अकरा मुली आहेत. मध्ये नाला आहे, जैनाबादेपर्यंत त्यांना कोण पाठवणार? हे दिवसभर आढ्याकडे बघत पडलेले असतात. मला ते बघवत नाही.

मी लिहिल्याचं त्यांना सांगू नका. छोटीचा आत्याला पापा. माझ्यावर माया आहे ती या चहाडीमुळे कमी करू नये.

आपली,
लीला


नागपूर
ता. २३ सप्टेंबर

चि. दिगंबर यास,
कमलताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पायाला जरा लागलं आहे काय! दिगू, तू लहानपणी बोरीवरून पडलास तेव्हाही हेच म्हणाला होतास आणि हात गळ्यात बांधून तीन आठवडे हिंडत होतास. मला कोणी कळवलं ते विचारू नकोस. बहिणीला कळतं.

आता नीट ऐक. सोबत एक छापील अर्ज आहे. ह्यांनी तो साहेबांकडून मुद्दाम आणला आहे. एक नोव्हेंबरनंतर नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि तुमचं निमाड भोपाळच्या राज्यात. एकदा रेघ पडली की बदली होणे नाही. वीस ऑक्टोबरच्या आत सही करून पाठवलास तर तुझी इकडे सोय होईल, असं हे म्हणतात. इथे विटांची शाळा असेल, नदी ओलांडायला नको, सरकारी दवाखाना जवळ. आई-बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तू एकटा. ते माहेर दुसऱ्या प्रांतात गेलेलं मला चालणार नाही. हे मी स्पष्ट लिहिते, कारण आडून लिहिलेलं तुला समजत नाही.

मातीची भिंत पुन्हा बांधता येते. तुझ्यासारखा भाऊ मला पुन्हा कुठून मिळायचा? लीलाला सांग, डिंकाचे लाडू पाठवते आहे, तिनंही खावेत. सही करशील तर बहिणीचा आशीर्वाद, नाही केलीस तरी तोच, पण कर.

कमल


शनवारा, बऱ्हाणपूर
ता. ३० सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चहाडी करणारीनं लाडू मोजके वाढायला सुरुवात केली आहे, म्हणजे ‘तिनंही खावेत’ हा तुझा निरोप तिला पोचला असावा. असो.

अर्ज उशाशी ठेवला आहे. सही केलेली नाही. का ते सांगायला मला मागचं थोडं लिहावं लागेल. खंडव्याच्या नॉर्मल स्कूलात मास्तरकी शिकताना आम्ही चौघं एका खोलीत होतो: मी, तुकईथडचा निंबा, कौतिक आणि इथला गजानन. खोली नंबर सहा. चौघांत एक कोट होता. पाठ द्यायला ज्याची पाळी येई त्यानं तो घालायचा. निंबाला तो आखूड आणि गजाननच्या पोटावर तो लागत नसे. तेव्हाच ठरलं होतं, खोलीतल्या माणसावर वेळ आली तर विनवण्या करायच्या नाहीत, लाजायचं नाही. पोस्टकार्डावर फक्त सहाचा आकडा लिहायचा. कार्ड मिळेल त्यानं निघायचं.

निंबाचं घर जळालं तेव्हा त्याचं कार्ड आलं होतं. आम्ही तिघांनी उन्हाळ्याची सुटी त्याच्या छपरावर काढली. कौतिकची बायको बाळंतपणात गेली तेव्हा त्यानं कार्डही लिहिलं नाही, गजानननं त्याच्या वतीनं टाकलं. महिनाभर आम्ही आळीपाळीनं त्याच्याकडे राहिलो. त्याला जेवायला बसवणं एवढंच काम होतं आणि ते सगळ्यात अवघड होतं. मी मात्र आजवर कधी कार्ड टाकलं नव्हतं. ताई, देणं सोपं असतं. गेल्या आठवड्यात सहाचा आकडा काढायला मला दोन दिवस लागले, आणि पायाचं प्लास्टर हे निमित्तही सांगता येत नव्हतं.

तिघंही आले. निंबाच्या आणि कौतिकच्या शाळांना रविवारऐवजी गावच्या बाजाराच्या दिवशी सुटी असते, एकाला मंगळवारी, दुसऱ्याला शुक्रवारी. त्या दिवशी ते सावळखेडीला शाळा घेणार. रविवारी गजानन. सुपडूनं केळी ठेवायचं छप्पर मोकळं करून दिलं आहे. मला तो म्हणाला की मास्तर, तुमी नुस्ते बसेल राहा, पोरं आमी धरून आणतो. तीन वार झाले. उरलेल्या वारांचं बघतो आहोत.

दाजींस नमस्कार. रागावलीस तर राग पोस्टानं पाठव, लोभ मात्र तुझ्याजवळच राहू दे.

दिगंबर


शनवारा, बऱ्हाणपूर
ता. ९ ऑक्टोबर

ती. सौ. वन्सं यांस,
लीलाचा सा. न. वि. वि.

उरलेल्या वारांचं काय झालं ते यांनी तुम्हांला लिहिलं नसणार, म्हणून मी लिहिते. सोमवार, बुधवार, गुरुवार मी जाते; शनिवारी सावळखेडीचा बाजार, म्हणून सुटी. छोटीला कडेवर घेते, राजघाटावरून नाव, पुढे सुपडूची बैलगाडी. यांचं पथ्यपाणी शेजारच्या गोदाबाई बघतात. तुम्हांला आवडणार नाही हे माहीत आहे. मी मराठी पाचवी झालेली, मास्तरीण नव्हे. पहिल्या दिवशी पोरं उभी राहिली तर मीच दचकून मागे पाहिलं, कोण आलं म्हणून.

पण मी गेले म्हणून एक गोष्ट उघडकीला आली. हे तिघं मास्तर हुशार खरे, पण आपल्या वारी कोणी काय शिकवलं हे दुसऱ्याला विचारायची सवय कोणालाच नाही. आपल्या शाळेत प्रत्येक जण एकटाच राजा! त्यामुळे मुलं उंटाचा एकच धडा तीनदा शिकली होती. मी मालूला विचारलं, तुम्ही गुरुजींना सांगितलं का नाही? तर ती म्हणे, बाई, दर टायमाले उंट येगळा ऱ्हायचा, मजा यायची. आता मी शिकवून झालं की पाटीवर लिहून पाटी छपराला टांगते. गजाननभाऊंनी ती वाचली, मान खाली घातली आणि पुढचा धडा काढला.

हे रात्री मला दुसऱ्या दिवशीचा पाठ समजावून देतात. आढ्याकडे बघणं बंद झालं आहे. त्यासाठी मी नदीपलीकडेच काय, नदीतूनही जाईन. रागावू नये, आणि रागावल्यास आशीर्वादासकट रागवावे.

आपली,
लीला


नागपूर
ता. १३ ऑक्टोबर

चि. दिगंबर व चि. सौ. लीला यांस,
कमलचे अनेक आशीर्वाद.

लेकराला घेऊन रोज नाव! तुम्हां दोघांना समोर बसवून विचारावंसं वाटतं की तुमचं चाललंय काय. लीलाबद्दल मला राग नाही, दिगू, तुझा आहे. मित्र चांगले असतील, असतीलच, पण ते किती वेळ पुरतील? त्यांना आपापल्या शाळा आहेत, घरं आहेत. तुझा पाय, एकतीस तारीख आणि छपराखालची शाळा, यातलं एक जरी फसलं तर तुला नव्या राज्यात कुठे फेकतील याचा नेम नाही. मग तेव्हा मी काय करणार?

वीस तारीख विसरू नकोस. अर्ज हरवला असं लिहू नकोस. ह्यांनी दुसराही आणून ठेवला आहे.

उद्या दसरा. इथून सोनं देता येत नाही म्हणून पत्रात आपट्याचं पान घातलं आहे. माया आहे तशीच ठेवा, शहाणपण तेवढं वाढवा.

कमल


शनवारा, बऱ्हाणपूर
ता. २१ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल वीस तारीख गेली. अर्ज कोराच परत पाठवतो आहे. तो फाडणं मला जमलं नाही, कारण तो तुझ्या मायेनं आणलेला कागद आहे. ताई, मला तुझ्याजवळ यावंसं वाटत नाही असं समजू नकोस. फार वाटतं. पण ज्या शाळेसाठी निंबा अठ्ठावीस मैल सायकल मारत येतो, तिच्यातून मीच माझं नाव काढून घेतलं तर त्या तिघांना मी तोंड दाखवू शकणार नाही. शाळा गेली तर मी तिच्याबरोबर जाईन, आधी नाही.

आता हसायची गोष्ट. दसऱ्याच्या सुटीत तिघांनी मिळून भिंती उभ्या केल्या. गावानं माती तुडवली, सुपडूनं लाकूड दिलं, जुनी कौलं धुऊन घेतली. मी इथून पडल्यापडल्या नकाशा काढून दिला होता. त्यात सगळं होतं, फळा कुठे ते तेवढं लिहायचं राहिलं. शाळा म्हटली की फळा आपल्या हातानं करायचा ही मास्तराची खोड. तिघं तीन भिंतींवर काम करत होते. प्रत्येकानं आपली भिंत मन लावून घोटली, कोळसा आणि खळ लावून काळी केली, आणि संध्याकाळी वळून पाहतात तर एका खोलीत तीन फळे! कौतिक म्हणाला, एक मिटवू. पण कोणाचा मिटवायचा यावर भांडण झालं आणि तिन्ही राहिले. बायको गेल्यापासून कौतिक असा भांडला नव्हता, हे निंबानं मला मुद्दाम येऊन सांगितलं.

दहा दिवस उरले. मी तपासणीला जाणार आहे. कसा ते विचारू नकोस. कोऱ्या अर्जाबद्दल क्षमा आणि पूर्वीइतकाच लोभ, दोन्ही मागतो.

दिगंबर


नागपूर
ता. २६ ऑक्टोबर

चि. दिगंबर यास,
अनेक आशीर्वाद.

कोरा अर्ज मिळाला. मी रडले. मग संध्याकाळी हे घरी आले आणि खुर्चीत बसून हसायला लागले. काल यादी लागली. ह्यांचं नाव भोपाळला! दिगू, तू सही केली असतीस तर तू नागपुरात आणि मी भोपाळात बसले असते. मी तुला जिथून ओढत होते तिथेच मला यायचं आहे. बहिणीचं न ऐकल्याबद्दल तुला पहिल्यांदाच शाबासकी देते. सवय करून घेऊ नकोस.

पण तुझ्या शाळेचं अजून व्हायचं आहे. मला झोप नाही. खडूची एक मोठी पेटी पार्सलनं पाठवली आहे. तीन फळ्यांना लागेल. भाऊबीजेला येते. तोवर जिवाला जपा, आणि माझ्या बोलण्याचा कडूपणा विसरून माया तेवढी लक्षात ठेवा.

कमल


शनवारा, बऱ्हाणपूर
ता. १ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. वन्सं यांस,
लीलाचा सा. न. वि. वि.

तुम्ही रविवारी येणारच आहात, पण तोवर माझ्याच्यानं थांबवत नाही.

काल सकाळी यांना बाजेवर झोपवून राजघाटावर नेलं. निंबाभाऊ, कौतिकभाऊ, गजाननभाऊ आणि चौथा खांदा सुपडूचा. चौघांच्या खांद्यावर बाज घाटाकडे चाललेली पाहून रस्त्यातले लोक टोप्या काढून बाजूला उभे राहायला लागले. एका म्हाताऱ्या शेटजींनी हात जोडले, तर यांनी बाजेवर उठून बसून उलट नमस्कार केला. ते बिचारे दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. मी पदरात तोंड घालून हसत होते.

तपासणीचे साहेब अकरा वाजता आले. बाकीच्या शाळांना दिवाळीची सुटी लागली आहे, म्हणून तिघंही थांबले होते. साहेब कमी बोलणारे. आधी यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं की मास्तर अजून रजेवर आहेत ना? हे म्हणाले, हो. साहेब म्हणाले, मग शाळा कोण घेतं? परवानगी कोणाचीच नव्हती. खोटं बोलायचं नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. मग मीच पुढे झाले. म्हटलं, साहेब, वारावारानं आम्ही चौघं घेतो. कोणाची नेमणूक नाही, पगार नाही, हुकूम नाही. पोरं रोज येतात, म्हणून कोणीतरी रोज येतं.

साहेबांनी दोन तास परीक्षा घेतली. तिन्ही फळ्यांवर तीन वर्गांना गणितं दिली, पहिलीला पाट्यांवर. मालूला उभं करून वाचायला सांगितलं, ती पानभर न अडता वाचून गेली. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर तिनं बोटानं एकेकाला दाखवलं. मग त्यांनी शेरेबुक मागितलं, उभ्याउभ्याच लिहिलं, चहासुद्धा न घेता गाडीत बसले.

वही उघडायला कोणाचा हात होईना. शेवटी यांनी बाजेवरून वाचली. लिहिलं होतं: शाळा चालू आहे. इमारत कच्ची, नवी, उभी. मुलं चौतीस, हजर चौतीस. शिक्षक मंजूर एक, हजर पाच. शाळा कायम ठेवावी.

कौतिकभाऊ बाहेर जाऊन बैलगाडीच्या चाकाला धरून रडले. सुपडूनं विचारलं, कायम म्हणजे आपलीच ना? निंबाभाऊंनी त्याला कडकडून मिठी मारली. यांनी ती ओळ तीनदा वाचली. मी मात्र तिथेच दाराशी उभी राहून बोटांवर मोजत होते. हे एक, निंबाभाऊ, कौतिकभाऊ, गजाननभाऊ, चार झाले. पुन्हा मोजलं.

वन्सं, माझं लग्न ठरलं त्या दिवशी आमच्या शाळेच्या हजेरीपटात माझ्या नावावर रेघ मारली होती. मी ती रेघ मारताना पाहिली होती, कोणाला कधी सांगितलं नाही. काल साहेबांनी पाच लिहिलं. पाचवी मी.

लवकर या. छोटी वाट पाहते, आणि मीही.

आपली,
लीला