आबांच्या खोलीतला अंडरले

१० नोव्हेंबर, रविवार. दुपार.
जेवताना पुन्हा वरून आवाज. कर्र... कर्र... आबांच्या चपलांचा. आबा, म्हणजे वडील, आषाढातच गेले. मी अजिबात घाबरलो नाही. ताटावरून उठलो तो पाणी आणायला. कागल एमआयडीसीत क्वालिटी बघणारा माणूस मी. वर आबांच्या खोलीची फरशी पोकळ झालीय, एवढंच. उपाय : वर लॅमिनेटच्या फळ्या, खाली अंडरले, म्हणजे आवाज दाबणारा थर. स्वतः बसवणार. व्हिडिओ बघितलेत.

११ नोव्हेंबर
दुकानदार म्हणाला, "पावणं, फोम स्वस्त पडंल, पण पायाचा आवाज मारायचा तर कॉर्क न्या. वर कोण चालतंय?" म्हटलं, कुणीच नाही. तो माझ्याकडं बघतच राहिला. फोम घेतला.

१७ नोव्हेंबर, रविवार
फोम अंथरला, फळ्या बसवल्या. काम ए-वन. फळ्यांना पसरायला भिंतीकडेला फट सोडायची असते म्हणे. ते नवशिक्यांसाठी.
जेवणानंतर आवाज आलाच. आता मऊ. नव्या जमिनीवर कुणी जपून चालावं तसा. आई घास हातात धरून वर बघत होती. बिचारी घाबरली. तिच्यासाठी तरी बंदोबस्त हवाच.

२० नोव्हेंबर
फळ्या मधोमध फुगल्या. हवामान. क्रांती म्हणाली, "अहो, राहू द्या की. मामंजींचंच घर हाय, फिरतील." आमची बायको बी.एस्सी. आहे!

२४ नोव्हेंबर, रविवार
सगळं उचकटलं. फोमऐवजी खाली रबर, वर कॉर्क. इतक्या जाड थरावर फळ्यांचे सांधे निसटतात, असं दुकानदार म्हणाला होता. व्यापारी काहीही बोलतात. जमीन इतकी उंच झाली की आत उघडणारं दार अडकलं. मी आतच. शेजारच्या सुतारांनी शिडी लावून खिडकीतून येऊन दार काढलं. किरकोळ बाब.
जेवणानंतर चिडीचूप. जिंकलो.

२८ नोव्हेंबर
आई नीट जेवत नाही. ताटावर बसून राहते. अ‍ॅसिडिटी असणार. गोळी आणली.

१ डिसेंबर, रविवार
गोळी आईनं घेतली नाही. म्हणाली, "उदय, ह्यांची पावलं का वाजंनात रं?"
विचारलं, तुला ऐकू यायची?
"रोज. ह्यांची शतपावली सुरू झाली की घास गोड लागायचा. तू वर काय अंथरलंस?"
उत्तर तांत्रिक होतं. गोळी परत डबीत ठेवली.

८ डिसेंबर, रविवार
फळ्या, कॉर्क, रबर, सगळं काढलं. फेरतपासणी म्हणून. जुनी फरशी मोकळी केली, पुसली. जेवणवेळी तिघंही वर कान लावून बसलो. काही नाही.
शेवटी हात धुतो म्हणून उठलो, आबांच्या चपला घालून वर गेलो. फिरलो. कर्र... कर्र... आवाज हुबेहूब. क्वालिटीत शंका नाही.
खाली आलो तर आई म्हणाली, "त्यांचा डावा पाय जरा उशिरा पडायचा रं. बस. भात गार झालाय."
बसलो. जेवलो.
वर कुणी नाही.