मंडळी ठीक आहेत

रविवार, १४ जून

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. तुझी पाठ आता बरी असेल अशी आशा आहे. माझं बरं चाललंय. स्वयंपाकघरातला नळ अखेर बदलून घेतला. आता गळत नाही, पण जाता-येता हात अजून सवयीने तो आवळायला जातो.

वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "ती खेळणी कुणाला तरी देऊन टाक म्हणतायत." मी विचारलं, "खेळणी म्हणाला? हाच शब्द?" तर वैतागली. "अगं, म्हणाले ते सांगितलं. तुमच्या दोघांच्या मधे मला कशाला घेता?" बरोबरच आहे तिचं.

देण्याआधी निदान यादी करावी म्हणून आज सकाळी तुझ्या खोलीतलं कपाट उघडलं. मी पाणी तपासणारी बाई. प्रयोगशाळेत नोंद केल्याशिवाय एक बाटली हलवत नाही, मग हे कसं हलवणार? तर नोंद अशी: अंतराळयानाच्या त्या सिनेमांतले छोटे पुतळे एकूण त्रेसष्ट. त्यातले एक्केचाळीस बंद खोक्यात, तुझ्या नियमाप्रमाणे एकदाही न उघडलेले. पुठ्ठे सरळ आहेत, पुढचं प्लास्टिक जरा पिवळं पडलंय. बावीस उघडे. दुसऱ्या भागातली इंधनवाली, तिसऱ्यातला दोन चेहऱ्यांचा नकाशेवाला, यानावरची डॉक्टरीण, सगळे जागेवर आहेत. पहिल्या भागातल्या कप्तानाचा उजवा हात मूळचा नाही.

तो हात बाबांनी बसवला होता, हे तुला सांगायला नको. तू दहा वर्षांचा, मी सात. तू रडून घर डोक्यावर घेतलं होतंस आणि बाबा चष्म्याच्या दुकानातून जेवायला आले होते. जेवण तसंच ठेवून त्यांनी एका जुन्या फ्रेमची काडी कापली, तापवून वाकवली आणि बारीक स्क्रूने खांद्यात बसवली. मग म्हणाले, "घे. आता ह्याला लांबचं दिसेल." तू रडता रडता हसलास, आणि ह्या बाहुल्या नाहीत, पात्रं आहेत, असं त्यांना सुनावलंस.

"पात्रं? पात्रं ओट्यावर असतात. धुऊन पालथी घालायची."

"बाबा! सिनेमातली पात्रं!"

"बरं बाबा, मंडळी म्हणू. नाटक मंडळी असते तशी ही तुझी मंडळी. चालेल?"

तेव्हापासून आपल्या घरात त्यांना मंडळी हाच शब्द. नवा भाग आला की बाबा दारातूनच विचारायचे, "काय रे, मंडळीत कोण वाढलं?" आई गेली त्या वर्षी कोणीच वाढलं नाही, तेही मला आठवतं. पुढे तू नोकरीसाठी गेलास आणि दर रविवारी दहाला फोन करायला लागलास. पहिला प्रश्न ठरलेला: "मंडळी ठीक?" मी म्हणायची, "ठीक आहेत, परवाच पुसली." अकरा वर्षं.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं आणि दीड पान नळ, पुठ्ठे नि प्लास्टिक यांत घालवलं, ते लिहिते.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी घरी नव्हते. रुग्णालयाच्या जिन्यात उभी होते. बाबांना शुक्रवारीच दाखल केलं होतं. तू विचारलंस, "मंडळी ठीक?" मी म्हटलं, "ठीक आहेत." तू म्हणालास, "आवाज का घुमतोय?" मी म्हटलं, "जिन्यात आहे." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, बघ. बुधवारी बाबा गेले.

तू आलास, तीन दिवस राहिलास, आणि निघताना दारात बूट घालता घालता खाली बघून म्हणालास, "मंडळी ठीक आहेत म्हणाली होतीस ना गं?" आत्या तिथेच होती, वहिनी होती, शेजारचे काका होते. मी म्हटलं, "मला वाटलं तू तुझ्या बाहुल्यांचं विचारतोयस. नेहमी तेच तर विचारतोस." यावर आत्या काय म्हणाली ते तू विसरला नसशील. "बाप मरायला टेकला आणि ह्याला पडलं होतं बाहुल्यांचं!" तू दुसऱ्या बुटाची नाडी बांधलीस आणि गेलास. रविवारचे फोन बंद झाले ते तिथून.

चार महिने मी स्वतःला समजावत होते की तो खरोखर घोटाळा होता. एका शब्दाचे दोन अर्थ, आपल्याच घरात जन्मलेला गोंधळ, त्यात कोणाची चूक? तू बाहुल्यांबद्दलच विचारत असणार असं मी अकरा वर्षं धरून चालले होते, आणि त्याचा मला रागही यायचा. बाबांची औषधं, त्यांचं पडणं, त्यांचं मला आईच्या नावाने हाक मारणं हे सगळं माझ्याकडे, आणि ह्याला काळजी प्लास्टिकच्या माणसांची. राग खरा होता. म्हणून घोटाळाही खरा असेल, असं मला वाटत राहिलं.

आज यादीत 'शेवटचं पुसलं' असा एक रकाना केला. तारखेसाठी रोजनिशी काढली. तुला माहीत आहे, रोज चार ओळी तरी लिहिल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही. त्या रविवारच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: "दादाचा फोन. त्याने बाबांचं विचारलं. मी बाहुल्यांचं सांगितलं."

एवढंच. पुढे भाजी आणायची राहिली असं आहे.

म्हणजे मला माहीत होतं. त्याच दिवशी, त्याच जिन्यात. कदाचित आधीही, कारण मंडळी म्हणजे घरची माणसं हे सगळ्या जगाला कळतं, मग मलाच अकरा वर्षं का कळू नये? त्या मंडळीत बाबांच्या जोडीने मीही होते, आणि तू दर रविवारी आधी आम्हा दोघांची चौकशी करत होतास, हे आज ओट्याशी उभी असताना पहिल्यांदा मनात आलं.

का केलं? प्रामाणिकपणे शोधलं, तर तीन-चार कारणं सापडतात आणि सगळी लाजिरवाणी. बाबा बरे होतील असं वाटत होतं. मग तुला सांगणार होते, "तू नसतानाही निभावलं." तुला शिक्षा करायची होती. आणि बाबा शेवटी फक्त माझे असावेत असंही वाटलं असेल. हे शेवटचं कारण लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहिलं.

अजून एक गोष्ट सांगायची आहे. ते आज जमेलसं वाटत नाही.

सोमवार, १५ जून

आज कामावरून परस्पर आत्याकडे गेले. तिला रोजनिशीतलं ते पान दाखवलं. चष्मा लावून तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "त्या पोराला मी सगळ्यांसमोर बोलले गं." मी म्हटलं, "मी बोलू दिलं." ती म्हणाली, "मला काय दाखवतेस? ऊठ, त्याला कळव. आणि सगळं कळव, तुझ्या सोयीचं तेवढं नको." ती मला ओळखून आहे.

तर सगळं. तू विचारलं होतंस, बाबा काही म्हणाले का. मी सांगितलं, शुद्धीवर नव्हते. दादा, मंगळवारी दुपारपर्यंत ते शुद्धीवर होते. शनिवारपासून रोज विचारत होते, "कळवलंस त्याला?" मी सांगत होते, "कळवलंय. निघालाय." तुला तिकडे सांगितलं ठीक आहेत, यांना इकडे सांगितलं निघालाय. दोघांना एकेक खोटं दिलं आणि मधे मी बसले.

मंगळवारी त्यांनी दाढी करून मागितली. वॉर्डातल्या परिचारिकेने करून दिली. तिला म्हणाले, "मुलगा यायचाय माझा. मी झोपलेलो असलो तरी उठवा हं. नाहीतर त्याला वाटेल, म्हातारा रागावून तोंड फिरवून पडलाय. मी रागावलेलो नाही त्याच्यावर." परिचारिका म्हणाली, "उठवते की आजोबा." मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली धरून उभी होते. तेव्हाही मोबाइल माझ्या पिशवीत होता. सकाळचे अकरा वाजले होते. तू त्या दिवशी निघाला असतास तर पोचला असतास. तो हिशेब मी अनेकदा करून पाहिलाय. दर वेळी तू पोचतोस.

'मी रागावलेलो नाही' हे वाक्य तुझं होतं. बाबांनी ते तुझ्यासाठी ठेवलं होतं आणि मी चार महिने दाबून बसले.

माफ कर असं वर एकदा लिहिलं होतं. खोडलेलं दिसेल. ते मागितलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून आणखी काही घ्यायचा मला हक्क नाही. चीड, ओरड, नातं तोड, जे वाटेल ते. फक्त बाबा रागावले नव्हते, एवढं मान. माझ्या शब्दावर मानू नकोस. माझ्या शब्दाची किंमत काय, ते तुला आता कळलंय. त्या परिचारिकेला मी आज जेवणाच्या सुट्टीत भेटून आले. तिला बाबा आठवतात, दाढीही आठवते. तुझा फोन आला तर सांगीन म्हणाली. ती सकाळी आठ ते दोन असते. नंबर मागच्या बाजूला लिहिलाय, दोनदा ताडून पाहिलाय. आधी तिला विचार.

मग वाटलं तर मला.

तुझी, अजून तरी सख्खी,
धाकटी