आईचा हेल

कुंडल, जानेवारी १९४८

प्रिय ज्ञानूस,

की आता ज्ञानदेवराव म्हणायचं? सांगलीच्या भिंतींवर तसं छापलं होतं. कथा, संवाद, दिग्दर्शन, सगळं तुझंच. मी पोरींना बाराखडी शिकवणारी मास्तरीण, एवढ्या मोठ्या माणसाला लिहायची मला सवय नाही. तुझं पत्र पोचलं. नव्या बोलपटासाठी आवाज यंत्रात धरायची गाडी घेऊन इकडे येतोस, नटीला रडण्याचा हेल जमत नाही, तेव्हा आईला एकदा रडायला सांगून ठेव, असं लिहिलंस. सख्ख्या बहिणीला असं लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडला नाही.

तो हेल तू कुठून उचललास ते आपल्या दोघांनाच ठाऊक. धाकटा गुंडा ब्रह्मदेशाच्या लढाईत पडल्याची तार आली आणि आई अंगणात बसून रडली. आपल्या बायका मयतापाशी बसून गेलेल्या माणसाशी बोलत, हेल काढत रडतात, तशी. "माझ्या जोंधळ्याच्या ताटा, पायताण इसरून कुठं रं गेलास." तू खांबाला टेकून बसला होतास आणि तुझे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतोस. तू पाठ करत होतास, हे कादंबरी छापून आली तेव्हा कळलं. पुण्यात तुला हार पडले. मीही शाळेत पेढे वाटले, मूर्खासारखे. त्या कादंबरीच्या जोरावर तुला बोलपट लिहायला मिळाले आणि लिहिता लिहिता तू दिग्दर्शकाच्या खुर्चीत जाऊन बसलास.

आणि स्वतःच्या पहिल्याच बोलपटात आईचा हेल तू एका विनोदी नटीच्या तोंडी घातलास. तिची कोंबडी मरते म्हणून. आईला मी हौसेनं सांगलीला नेलं होतं, लेकाचं काम बघायला. लोक हसून लोळत होते. आई माझ्या कानाशी लागली, "चंद्रे, ही बाई माझंच का गं म्हंती?" जरा वेळानं तीच म्हणाली, "लोकं हसत्यात म्हंजी माझंच कायतरी चुकलं आसंल." आणि तीही हसली. त्या दिवसानंतर गुंडाचं नाव तिनं घरात काढलं नाही. तुझं कुणी विचारलं की मात्र सांगायची, "लय मोठा झालाय माझा ज्ञानू." त्याचा मला अजून राग येतो.

आता ऐक. आई गेली. तुला तार मीच करू दिली नाही. मयतापाशी रंगुकाकीनं हेल धरला, "पायताण इसरून कुठं गं गेलीस," आणि दारात उभ्या शेजारच्या दोन सुनांना हसू फुटलं. त्यांना तरी काय बोल लावू, त्यांना कोंबडी आठवली. काकीनं पदर तोंडात कोंबला. मग कुणीच रडलं नाही, आईला मुक्यानंच नेलं. दहाव्याला भिलवडीच्या घाटावर आईचा पुतण्या विधीला बसलेला बघून परगावच्या गुरुजींनी विचारलं, बाईंना मुलगा नव्हता का. मी म्हणाले, दोन होते, दोन्ही गेले. त्यांनी नावं विचारली. मी दोन्ही सांगितली, आणि त्यांनी दोघांच्या नावानं पिंड ठेवले.

तुझीच म्हणवत आलेली,
चंद्रा