घाटात बाळ

ती. सासूबाईंना नमस्कार,

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण जव्हारच्या घाटात हादरे बसतील म्हणून तुम्ही मला वसईलाच ठेवून घेतलंत. नंतर आई न्यायला आली, तर सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही म्हणालात. आणि काल त्याच बाळाला वॉटरपार्कला नेलंत, कारण वन्संची सुट्टी संपत होती. तुम्ही सगळे पाण्यात, आणि मी दुखरे टाके घेऊन उन्हात तुमच्या चपला राखत बसले. बाळ रडलं तर म्हणालात, "दृष्ट लागली असेल."

मग चपलांपाशी तुमच्या मुलाला बसवलं आणि हायवेवरून जव्हारची एसटी धरली.

हे पत्र मी टाकणार नाही. फोन आला तर एवढंच सांगेन, की घाटात बाळ गाढ झोपलं होतं.

तुमची सून,
रुचिरा